अकराचं पाणी

"काय करू राहिलीस गं माझ्या वाफ्यात?"

नवी सून उकिडवी बसून माझ्या वांग्याच्या बुडात वीतभर सळई खुपसत होती. सळईच्या डोक्यावर घड्याळासारखी चकती. अंगात माझ्या लेकाचा, भास्करचा, स्वेटर. डोक्यावर पदर. तोंडाने काहीतरी आकडे पुटपुटत होती. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ढोमशांच्या सुनेने सकाळी सकाळी करणी मांडली.

"मातीचं तापमान बघते, आत्याबाई."

"का? ताप आलाय का तिला?"

"उलट गारठलीय. साडेअकरा अंश."

"माती आहे ती. गारच असणार. तुझ्या बापाच्या शेतात काय चुलीवर ठेवतात तिला?"

तिने सळई उपटून पुढच्या झाडाच्या बुडात खुपसली. कावेरी तिचं नाव. भास्करशी लग्न होऊन चार महिने झाले होते. माहेर खानदेशातलं, जिथलं ऊन डोकं फोडतं आणि जिथली माणसं भरताशिवाय लग्न लावत नाहीत. वर शेतकीच्या कॉलेजात शिकलेली. म्हणजे भरताच्या मुलखातली पोर, पुस्तक काखोटीला मारून, निफाडच्या अंगाला येऊन मला वांगं शिकवायला निघाली होती. मी दुसरी पास. पण वांग्याला माझा दाखला कधी लागला नव्हता.

आता वांग्याचं एवढं काय, तर ते सांगते.

आमच्याकडे आषाढी एकादशीला वांगं आणि कांदा सुटतो, तो चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच गावाने वांगं तोंडात घालायचं. देवाच्या भरताची पाच वांगी ढोमशांच्या थोरल्या घरातून जातात. वांगी पंजाएवढी हवीत, देठ हिरवेगार, सालीवर डाग नको. टोपली देवापुढे ठेवली की गुरव विचारतो, "देवाचं वांगं कोणाच्या हातचं?" आणि जिने पाणी घातलं तिने नाव सांगायचं. एकतीस वर्षं मी म्हणत आले होते, "ठकूबाईच्या." गावात माझ्यापेक्षा श्रीमंत बाया होत्या, गोऱ्या होत्या, लांब केसांच्या होत्या. पण तेवढा एक क्षण सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे बघायचं.

पाच वांगी नसली, तर मान धाकट्या घराकडे जातो. धाकटं घर म्हणजे माझी जाऊ, सिंधू. तिचं पुढे येईलच. ती उशिराच येते कुठेही.

माझी रीत ठरलेली. घट बसले की रोपं लावायची. दिवसा वीज आली की विहिरीच्या पाण्याने हौद भरून ठेवायचा. पहाटे उठून, सूर्याने डोळा उघडायच्या आत, बादलीने झाडाझाडाला पाणी. वस्तीवर माझ्या बादलीच्या कडीच्या आवाजावर लोक उठायचे. दूधवाला सांगायचा, ठकूबाईचं पाणी झालं म्हणजे पावणेसहा. आणि रोज एकतरी बाई म्हणायची, "धन्य बाई तुमची." ते ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

पण त्या साली अधिक आश्विन आला. घट बसले महिनाभर उशिरा, दिवाळी उशिरा, चंपाषष्ठी पार डिसेंबरच्या विसाला जाऊन बसली. मी तिथीने चालणारी बाई. तिथी पुढे गेली, मीही रोपं घेऊन तिच्यामागे गेले. थंडी मात्र पंचांग बघून येत नाही. ती आपल्या वेळेला आली, आणि निफाडची थंडी म्हणजे काय ते ज्याने हौदात हात घातला त्यालाच विचारा.

चंपाषष्ठीला बावीस दिवस उरलेले आणि माझी वांगी सुपारीएवढी होऊन थांबलेली. पानं वरून फिक्कट, खालून जांभळट. आणि एक चमत्कार असा, की नऊ वाजता उन्हं आली की सगळी झाडं माना टाकायची. माती ओलीचिंब, आणि वर झाड तहानेने मेल्यासारखं. मी अजून दोन बादल्या ओतायची. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट.

"आत्याबाई, पाणी कमी नाही पडलं. जास्त झालंय," कावेरी सळई पुसत म्हणाली. "आणि गार पडलंय. वांगं उन्हाळी जातीचं. त्याचं मूळ गारठलं ना, की ते पाणी ओढतच नाही. खत ओढत नाही. वर उन्हं आली की पान पाणी मागतं आणि खालून मूळ देत नाही. म्हणून ओल्या मातीत मान टाकतं."

"झालं तुझं? आता मी सांगते. याला खायला कमी पडतंय. आणि दृष्ट लागलीय. दोन्ही मी बघते."

"अर्धा वाफा मला द्या."

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. मला असल्या बाया आवडत नाहीत. भांडायला काही पकडायलाच सापडत नाही.

मी बैलाचं दावं आणून वाफ्यावर मधोमध आडवं टाकलं. अलीकडे दहा झाडं माझी, पलीकडे दहा तिची. "तुझी वाळली तर ही सळई माळ्यावर जाईल आणि पुन्हा शेतात पुस्तक आणायचं नाही."

"आणि तुमची वाळली तर?"

"माझी वाळत नसतात."

त्याच दिवशी तिने काय करावं? मी झाडांच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलं होतं, थंडी लागू नये म्हणून, मायेने. तिने आपल्या दहा झाडांचं पाचट ओढून बाजूला टाकलं. म्हणे, या गोधडीने ऊन मातीला पोचतच नाही. मग खताच्या रिकाम्या पिशव्यांतला काळा प्लास्टिक कागद फाडून झाडांच्या पायाशी बसवला, कडेने माती लावली. आणि पाणी? चार दिवस दिलंच नाही. नंतर द्यायचं ते अकरा वाजता. वीज आली, मोटर चालू झाली, की विहिरीचं ताजं पाणी सरळ नळीने, तेही झाडामागे तांब्याभर.

अकरा वाजता! अकरा वाजता आमच्यात पाणी कोण घालतं, तर सिंधू.

आता सिंधूचं सांगते. धाकट्या दिराची बायको. रस्त्यापलीकडे घर. माझं पाणी, झाडलोट, गोठा, स्वयंपाक होऊन भांडी पालथी पडायची, तेव्हा ही ओट्यावर येऊन मिसरी लावत बसायची. बोट दातांवर, डोळे अर्धे मिटलेले. दहा वाजता आंघोळ, अकराला मोटर चालू करून परसातल्या वांग्यांवर नळी धरायची, तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात चहा. तिच्या सासूने, म्हणजे माझ्याही सासूने, मरताना तिच्याबद्दल काळजी केली होती.

आणि तिची वांगी त्या साली तरारून आलेली. मी ती बघितलीच नाहीत. म्हणजे दिसायची, पण मी बघत नव्हते.

"आक्का!" तिने ओट्यावरून हाक मारली. "सुनेने वांग्यांना रेनकोट घातला का गं? पाऊस येऊ राहिला काय?"

"तू उठलीस का? मला वाटलं संध्याकाळ झाली."

"अगं, यंदा तुझी लहान दिसतात म्हणून म्हणते. देवाला नड नको. माझी आहेत बघ. पंजा सोड, कोपरापर्यंत जातील."

मी घरात गेले आणि बुक्कीने कांदा फोडला. कांदा खायचा नव्हता. चंपाषष्ठी व्हायची होती. पण फोडला.

मग मी माझ्या दहा झाडांच्या मागेच लागले. शेणकाला घातला. आंबट ताक घातलं. दुकानदाराने दिलेलं पांढरं खत मूठमूठ घातलं, आणि मन भरलं नाही म्हणून परत मूठमूठ घातलं. मीठ-मोहऱ्या, सात मिरच्या घेऊन दहाही झाडांवरून दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका माझ्या मालकांना लागला, सिंधूला नाही. पाणी पहाटेचं चालूच.

कावेरी रोज सकाळी सळई घेऊन दोन्हीकडे खुपसायची. माझ्याकडे "अकरा". तिच्याकडे "चौदा", मग "सोळा". माझ्या झाडांचा आकडा ही सांगणार हे मला पटेना. तिची सळई, तिची चकती. ती म्हणेल तो आकडा.

आमच्या घरात तापाची कांडी होती, काचेची, पारा असलेली. मी ती ट्रंकेतून काढली, पदराखाली लपवून वाफ्यावर नेली, झटकली, आणि मातीत घातली. डॉक्टर सांगतो तशी दोन मिनिटं मोजली. बाहेर काढून बघते तर पारा जागचा हललेला नाही.

मी सुनेला हाक मारली. "ये इकडे, शिकलेली. बघ. मातीला काही झालेलं नाही. ना ताप, ना काही."

कावेरीने कांडी हातात घेतली. चिखलाने भरलेली. तिने ती पुसली, उन्हात धरली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. बघते तर हसत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा. तोंडावर पदर धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आत्याबाई, ही पस्तीसच्या खाली बोलतच नाही हो. पस्तीसच्या खाली ही समजते, माणूस मेलं."

"मग माती मेली म्हणायची का?"

"नाही. पण आजारी आहे, ते हिला सांगता येत नाही."

मी कांडी हिसकून घेतली. रात्री भास्करला कणकण वाटली तेव्हा त्याने ती तोंडात घातली आणि म्हणाला, "आई, हिला शेणाचा वास का येतो?" मी म्हटलं, तुझ्या तोंडाला येत असेल.

आठव्या की नवव्या दिवशी मी नऊची जादा बादली ओतून मान वर केली आणि दाव्यापलीकडे बघितलं. नको होतं बघायला. उन्हं आली होती. माझी दहा झाडं माना टाकून उभी, जशी तेराव्याच्या पंगतीला बसलेली माणसं. आणि पलीकडची दहा, पानं पसरून, ताठ. सुपारीची लिंबं झालेली. शेंड्याला नवी पालवी, हिरवी, तुकतुकीत.

मी खोटारडी नाही. जे दिसलं ते दिसलं. थंडीचं तिचं म्हणणं खरं असणार. पण म्हणून काय मी अकराला पाणी घालू? सिंधूसारखं? तिच्यासमोर?

त्यातून मी वाट काढली. झाडांना ऊब हवी ना? देते. पण पहाटेच देते. माझी वेळ माझीच.

दुसऱ्या दिवशी चारला उठून बंब पेटवला. पाणी कोमट झालं, बोटाला सोसेल इतकं. दोन बादल्या भरून नेल्या आणि माझ्या दहा झाडांना त्या अंधारगारठ्यात कोमट पाणी घातलं. वाफेने मला माझीच झाडं दिसेनात. बाळंतिणीला आंघोळ घालतात तसं वाटलं. मोठं समाधान झालं.

मालक उठून मोरीत गेले. बंब रिकामा.

"पाणी कुठंय?"

"संपलं."

"कोणी संपवलं?"

"देवाच्या कामाला गेलं. तुम्ही आज हौदाचं घ्या."

माझे मालक म्हणजे गावाचे आप्पा. गाव त्यांना शांत म्हणतं. शांत नाहीत, मी त्यांना बोलायला जागा ठेवली नव्हती. त्यांनी हौदाच्या पाण्याने आंघोळ केली. मोरीतून जो आवाज आला तो मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

आणि झाडं? कावेरी आठ वाजता सळई खुपसायची. "बारा, आत्याबाई." कोमट पाणी दोन तासांत थंड होऊन वाफ्यात बर्फासारखं बसायचं. वरून आकाश ऊब गिळायला तोंड वासून बसलेलं, त्यात माझ्या दोन बादल्या किती पुरणार?

तिसऱ्या दिवशी मालक जेवायला बसले. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी, वर लोण्याचा गोळा. ओठ निळे. दोन घास खाल्ले आणि थांबले. मी भाकरी वाढली.

"नको."

मी भाजी वाढली.

"नको म्हणतो ना. घास उतरत नाही. पाय गार पडलेत. आधी पाय शेकू दे, मग वाढ."

"रिकाम्या पोटाने पाय गरम होतात का?"

"आणि गार पायांनी पोट भरतं का?" मालक म्हणाले. मग त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. "त्या पोरीच्याही ताटात तू रोज ढीग घालतेस. वाळतच चाललीय की ती."

एकतीस वर्षांत एवढं लांब बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांनाच धक्का बसला असावा, कारण लगेच पाणी प्यायले. तेही गारच होतं.

मागच्या दारापाशी कावेरी जेवत होती. आमच्यात नवी सून तिथेच बसते. सगळ्यांना वाढून झालं की, शेवटी, शहाबादी फरशीवर, दाराच्या फटीतून वारा येतो तिथे. मीही नऊ वर्षं तिथेच बसले होते, आणि मला काही झालं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. तिच्या ताटात मी वाढलेल्या अडीच भाकरी होत्या. दोन तशाच होत्या. तिने एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला होता. मग खालचा वर घेतला, वरचा खाली घातला. मी चार महिने रोज बघत आले होते. खात नाही म्हणून रोज अर्धी भाकरी जास्त वाढत होते. आणि शेजारणींना सांगत होते, आमच्या घरात खायला कमी नाही हो, तिचंच अंग धरत नाही.

मी उठले. माझा पाट चुलीजवळ असायचा, सागाचा, सासूचा. तो पायाने सरकवत सरकवत चुलीच्या दुसऱ्या अंगाला नेला.

"ए कावेरी, ताट घेऊन इकडे ये."

"झालंय माझं, आत्याबाई."

"झालंय काय? दोन भाकऱ्या कुत्र्याला घालायच्या का? बस या पाटावर. फरशी गार आहे. आजारी पडलीस तर काढा मलाच करावा लागेल, आणि त्या कांडीला तुझा ताप कळेल न कळेल."

ती आली. पाटावर बसली. चुलीकडे पाय करू का नको, असं झालं तिला. "कर गं," मी म्हटलं, "चूल काही माझ्या माहेरची नाही." मालक खाली मान घालून जेवत होते. एक भाकरी त्यांनी मागून घेतली. तिने दोन्ही संपवल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलेच, पण बादलीला हात लावला नाही. हौदाकडे पाठ करून बसले. दूधवाला दारात येऊन थबकला. "बाई, तब्येत बरी ना?" मी म्हटलं, तुझं दूध पातळ आहे त्याचं बघ.

सात वाजले. आठ वाजले. नुसतं बसून राहणं किती कष्टाचं असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी माझ्या झाडांचं पाचट काढलं, काळा कागद बसवला. दहा वाजले. अकराला वीज आली आणि मोटर घरघरली. मी नळी हातात घेतली. पाण्यात बोट धरलं. विहिरीचं ताजं पाणी, चक्क उबदार. हिवाळ्यात विहीर वाफाळते हे शेंबडं पोरही सांगेल. मला जन्मभर ठाऊक होतं, आणि ते पाणी मी रोज हौदात घालून रात्रभर गार करून पाजत होते. का, तर पहाटे उठते म्हणून दाखवता यावं.

नळी घेऊन मी वाफ्यात वाकले, आणि रस्त्यापलीकडे सिंधू, तिच्या हातातही नळी, दुसऱ्या हातात चहा.

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पाणी आपलं पडत होतं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "आज झोप लागली का गं?"

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. नाती वाचतात.

घरात येऊन कावेरीला विचारलं, "खरं सांग. तिच्या मातीत सळई घातलीस कधी?"

"घातली ना. पहिल्याच दिवशी. एकोणीस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण सिंधूकाकूंचं नाव काढलं की तुम्ही विळा शोधता."

तेही खोटं नव्हतं.

दहा दिवस उरले होते. माझी झाडं चौथ्या दिवशी सावरली, पण वेळ गेलेली. रोज अकराला आम्ही तिघी पाणी घालायचो. दोघी रस्त्याच्या अलीकडे, एक पलीकडे. सगळ्या वस्तीला रोज करमणूक. "ठकूबाई अकराला उठायला लागली," हे गावभर झालं. चार मैलांवरून माझी नणंद विचारपूस करायला आली, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन.

चंपाषष्ठीच्या सकाळी दोघी वाफ्यात गेलो. कावेरीच्या दहा झाडांवर चार वांगी अशी होती की हातात मावेनात. पाचवं नव्हतं. बाकीची लिंबाच्या थोडी पुढे गेलेली. दाव्याच्या अलीकडे मी एकेक पान उलटून बघत गेले. नववं झाड, आठवं, सातवं. शेवटच्या झाडाच्या बुडाशी, कागदाला टेकून, एक सापडलं. पंजाएवढं. थोडं वाकडं, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीसारखं. पण डाग नव्हता, आणि देठ हिरवा.

"पाच झाली, आत्याबाई," कावेरी म्हणाली. म्हणाली आणि पाचही पुन्हा मोजली. माझ्यापेक्षा तिलाच जास्त घोर लागला होता, हे मला तेव्हा कळलं.

देवळात गर्दी. भंडाऱ्याने फरशी पिवळी. सिंधूही टोपली घेऊन आली होती, एकेक वांगं बाळाच्या डोक्याएवढं, नटूनथटून, आणि चक्क वेळेवर. मी माझी टोपली देवापुढे ठेवली. गुरवाने पाचही उचलून, फिरवून बघितली. वाकड्यापाशी थांबला. माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते गुपचूप परत ठेवलं.

"देवाचं वांगं कोणाच्या हातचं?"

सगळ्यांनी माना वर केल्या. तोच क्षण. तोंडात शब्द तयार होता, एकतीस वर्षांची सवय. मागे कावेरी उभी होती, पायांत माझे जुने लोकरी मोजे घालून. देवळात मोजे! काढ म्हणायला विसरले होते मी.

"चार सुनेच्या हातची, एक माझ्या," मी म्हटलं. "आणि पाणी अकराचं."

गुरव गोंधळला. इतकं लांब उत्तर त्याने ऐकलं नव्हतं. देवळात कुजबुज सुरू झाली, आणि तेवढ्यात मागून सिंधू मोठ्याने म्हणाली, "आणि झोप माझी!"

आधी आमचे मालक हसले. देवळात, देवासमोर, पोट धरून. मग गुरव. मग सगळं गाव. माझ्या अंगावर कोणीतरी मूठभर भंडारा उधळला. येळकोट येळकोटच्या गजरात मी सिंधूला काय म्हणाले ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिला गेलं. ती म्हणाली, "ये मग उद्या ओट्यावर. मिसरी देते."

गेले मी. चांगली असते मिसरी.

याला वीस वर्षं होऊन गेली. आता वस्तीवर थंडीत सगळ्याच बाया अकराला पाणी घालतात, आणि नव्या सुनांना सांगतात, ही ठकूबाईची पद्धत. मी कधी खोडून काढलं नाही. कावेरीही काढत नाही. ती हसते फक्त, तशीच, तोंडावर पदर धरून. तिचं अंग आता असं धरलंय की सासूचा पाट तिला पुरत नाही. नवीन करून घेतला.

मी अजून पहाटे चारला उठते. झोप लागत नाही त्याला काय करणार? पण अकरा वाजेपर्यंत बादलीकडे बघत नाही. लोक एकादशी करतात, माझा हा उपास.